फुगीर बाजूंचा चौकोन

इटलीतील तुरिन शहरी नेबिओलो नावाचा छपाईचे खिळे ओतणारा एक कारखाना होता. त्या कारखान्याने १९५२ साली मुद्रकांपुढे ठेवलेल्या 'मायक्रोग्रामा' नामक मुद्राक्षरातील रोमन 'ओ' भिंगाखाली धरून पाहिला, तर प्रथमदर्शनी तो कोपरे गोल केलेला एक आडवा आयतच आहे असे वाटते. परंतु त्याच्या कडेला पट्टी लावावी, तो ध्यानात येते की त्याच्या चार बाजूंपैकी एकही बाजू सरळ नाही. वरची रेघ मध्यभागी किंचित वर उचललेली आहे, खालची तितकीच खाली उतरलेली आहे, डावी-उजवी बाजूही तशीच बाहेर झुकली आहे, आणि कोपरा म्हणून जो दिसतो तो वर्तुळाचा चतुर्थांश तुकडा आणून सांधलेला नसून, बाजूच हळूहळू वळत जाऊन तिचा कोपरा झालेला आहे. बैठकीवरच्या, कापूस ठासून भरलेल्या तक्क्याची जी आकृती असते तीच ही. पुढे या अक्षरवळणाने चित्रपटांतील अंतराळयानांवर, यंत्रांच्या तबकड्यांवर आणि नामपट्ट्यांवर भविष्यकाळाची मोहर उमटविण्याचे काम केले. पण ज्यांनी त्याचे अनुकरण केले त्यांतील पुष्कळांनी त्यातला चौकोन तेवढा उचलला आणि फुगवटा टाकून दिला. माझ्या मते या अक्षराचे सारे मर्म त्या फुगवट्यात आहे, आणि देवनागरीत आज जी ठसठशीत, भूमितीप्रधान, यंत्रयुगीन अक्षरे घडविली जात आहेत त्यांना तुरिनपासून काही घ्यावयाचे असेल तर ते हेच होय. म्हणूनच या एका अक्षराची हकीकत जरा विस्ताराने सांगण्याचे योजिले आहे.

मायक्रोग्रामा हे दोघांचे अपत्य. अलेस्सांद्रो बुत्ती हा नेबिओलोच्या कलाविभागाचा जुना प्रमुख, आणि अल्दो नोवारेसे हा त्याच्या हाताखाली तयार झालेला, वयाने सत्तावीस वर्षांनी लहान असा आरेखक. नोवारेसे १९३६ साली, म्हणजे वयाच्या सोळाव्या वर्षी, या कारखान्यात दाखल झाला. महायुद्धाच्या आरंभी युद्धाविरुद्ध उघड बोलल्याबद्दल त्याला अटक झाली, आणि कलास्पर्धेत मिळविलेले सुवर्णपदक गाठीशी होते म्हणून तो कठोर शिक्षेतून वाचला, ही त्याच्या चरित्रातली हकीकत त्याच्या रेखीव, निःशब्द वाटणाऱ्या अक्षरांकडे पाहताना मला नेहमी आठवते. १९५२ मध्येच बुत्तीच्या जागी कलाविभागाची मुखत्यारी त्याच्याकडे आली. पुढे कीर्ती बहुतेक सारी नोवारेसेच्या वाट्याला गेली आणि बुत्तीचे नाव तळटिपेत राहिले, हे न्यायाचे झाले नाही. कारण तिसाच्या सुमारास 'सेंप्लिचिता' नावाचे भूमितीवर बेतलेले अक्षर काढून नेबिओलोच्या ओतशाळेत नव्या युगाचा पाया ज्याने घातला तो बुत्तीच होता.

तुरिन हे मोटारींचे शहर. फियाट कंपनीने लिंगोत्तो येथे बांधलेल्या, १९२३ साली उद्घाटन झालेल्या कारखान्यात मोटारीचे सुटे भाग तळमजल्यावर आत येत, जोडणी होत होत मोटार मजल्यामागून मजला वर चढे, आणि पूर्ण झालेली मोटार गच्चीवर बांधलेल्या धावपट्टीवर धावून आपली परीक्षा देई. अशा गावात यंत्राविषयी आदर असणे स्वाभाविक होते. त्याआधी १९०९ मध्ये मारिनेत्तीने भविष्यवादाचा जाहीरनामा प्रसिद्ध करून वेगाचा आणि यंत्राचा जयजयकार केला होता. त्याच्या अनुयायांनी मुद्रित पृष्ठावरील अक्षरे तिरपी-उलटी फेकून, लहान-मोठी करून, एकमेकांवर आदळवून एक प्रचंड कोलाहल माजविला होता, आणि फोर्तुनातो देपेरो याने तर १९२७ साली आपले पुस्तक दोऱ्याने न शिवता दोन मोठ्या बोल्टांनी आवळून बांधले होते. मायक्रोग्रामाची वंशावळ सांगताना या भविष्यवाद्यांचे नाव घेण्याचा प्रघात आहे. मला तो पटत नाही. त्या मंडळींचे भविष्य गर्जना करणारे होते आणि त्याला युद्धाचे भारी आकर्षण होते. बुत्ती-नोवारेसे यांचे अक्षर मात्र युद्धाने उद्ध्वस्त झालेला देश पुन्हा उभा राहत असताना, त्या उभारणीला लागणाऱ्या नामपट्ट्या, पत्रशीर्षे, यंत्रांवरील तबकड्या आणि दुकानांचे फलक यांसाठी केलेले, शांत आणि कामसू अक्षर आहे.

या अक्षराचा आकार दूरचित्रवाणीच्या पडद्यावरून घेतला, असेही वारंवार सांगितले जाते, आणि ते ऐकताक्षणी खरे वाटते, कारण जुन्या काचेच्या पडद्याच्या बाजू अशाच फुगीर असत. परंतु इटलीत दूरचित्रवाणीचे नियमित प्रक्षेपण ३ जानेवारी १९५४ रोजी सुरू झाले. मायक्रोग्रामा त्याच्या दोन वर्षे आधीचे. प्रायोगिक प्रक्षेपणे त्यापूर्वी झाली होती हे खरे असले, तरी घरोघरी नसलेल्या वस्तूची नक्कल करून लोकप्रिय अक्षर निघाले असे मानण्यापेक्षा, पडदा, आगगाडीची खिडकी, विमानाचा झरोका, टंकलेखनयंत्राचे कवच आणि हे अक्षर या सर्वांवर एकाच काळाच्या हाताचे वळण पडले होते असे म्हणणे अधिक सयुक्तिक होईल. पत्र्याला, काचेला, धातूला तीक्ष्ण कोपरा मानवत नाही. तेथे ताण साठतो आणि तेथूनच तडा जातो. कोपरा वळवावा आणि बाजूला थोडा बाक द्यावा, म्हणजे भार सर्वत्र वाटला जातो. हे शहाणपण त्या काळच्या कारागिरांनी वस्तूंना शिकविले, आणि अक्षराला ते आपसूक मिळाले.

त्याच वर्षी, म्हणजे १९५२ मध्येच, जर्मनीत हेर्मान त्साफ याचे 'मेलिओर' हे वृत्तपत्रांसाठी केलेले अक्षर बाहेर पडले, आणि त्याच्या गोलाकार अक्षरांतही हाच वर्तुळ व आयत यांच्या मधला आकार होता. दोघांनी एकमेकांचे पाहून केले असे म्हणण्यास आधार नाही. हवेतच ते होते. पुढे १९५९ साली स्टॉकहोममधील सेर्गेल चौकाच्या मध्यभागी कोणता आकार द्यावा हा प्रश्न डेन्मार्कचा कवी, गणिती आणि रचनाकार पीत हाइन याच्याकडे आला, तेव्हा त्याने या आकाराला 'सुपर-एलिप्स' हे नाव आणि गणिती प्रतिष्ठा दिली. लंबवर्तुळाच्या समीकरणात जेथे घातांक दोन असतो, तेथे तो वाढवीत नेला की आकृती आयताकडे सरकू लागते. हाइनने अडीच हा घातांक निवडला, कारण त्या ठिकाणी आकृती ना वर्तुळाची बाजू घेते ना चौकोनाची. फ्रान्समधील गणिती लामे याने हे वक्र शंभरावर वर्षांपूर्वीच मांडून ठेवले होते. गंमत अशी की खिळ्यांच्या ओतशाळेत काम करणाऱ्या आरेखकांनी समीकरण न मांडता, पेन्सिल, ब्रश आणि डोळा एवढ्याच साधनांनी तेच स्थान शोधून काढले होते, आणि तेही चौक नव्हे तर काही मिलिमीटर उंचीच्या अक्षरात.

हा फुगवटा कशासाठी, असा प्रश्न साहजिक आहे. सरळ रेघांनी बांधलेला आणि कोपऱ्यांत कंपासाचे चाप बसविलेला आयत कागदावर मोठा काढून पाहावा: सरळ जेथे संपते आणि चाप जेथे सुरू होतो तेथे डोळ्याला एक अदृश्य गाठ लागते, आणि बाजूंचा मध्य आत खचल्यासारखा भासतो. रेघ खचलेली नसते. डोळा ती तशी वाचतो. म्हणून जी रेघ सरळ दिसावी असे वाटते तिला जाणत्या हाताने थोडे बाहेर ढकलावे लागते. ठळक आणि रुंद अक्षरात हा दोष अधिकच जाणवतो, कारण तेथे काळ्या रेघांचा भार मोठा आणि आतली पांढरी पोकळी लहान असते. ती पोकळी जर निर्जीव खिडकीसारखी चौकटबंद झाली तर सारे अक्षर एखाद्या बंद पेटीप्रमाणे दिसू लागते. मायक्रोग्रामाच्या ठळक रुंद प्रतीतील 'ओ', 'डी', 'क्यू' यांच्या आतली पांढरी जागा पाहावी. ती बाहेरच्या आकाराची यांत्रिक प्रतिकृती नाही, तिचा बाक स्वतंत्रपणे मोजून ठेवलेला आहे.

मायक्रोग्रामात केवळ मोठी रोमन अक्षरे, आकडे आणि विरामचिन्हे होती. शीर्षकांपुरते, नावांपुरते, चार शब्दांपुरते हे अक्षर. त्याने कादंबरी छापावी अशी अपेक्षा कोणी केलीच नव्हती. मागणी वाढली तेव्हा १९६२ साली नोवारेसेने लहान अक्षरे जोडून, अरुंद-रुंद, बारीक-ठळक असा गोतावळा वाढवून त्याला 'युरोस्टाइल' या नावाने नवी सनद दिली. लहान अक्षरे आल्यामुळे त्याची उपयुक्तता वाढली, परंतु माझे मत विचाराल तर सौंदर्याचा परमावधी मोठ्या अक्षरांच्या ठळक रुंद प्रतीतच आहे. त्याला एक व्यावहारिक कारणही आहे. गोल अक्षरांची नावे जुळविताना जुळाऱ्याला नेहमी त्रास पडतो: दोन गोल शेजारी आले की त्यांच्यामध्ये वर-खाली त्रिकोणी पोकळ्या सुटतात, दोन उभे दांडे शेजारी आले की दाटी होते, आणि ओळीचा पोत विस्कटतो. येथे प्रत्येक अक्षराची बाजू जवळजवळ उभी असल्यामुळे अंतरे आपोआप सारखी पडतात, आणि शब्द एखाद्या पट्टीसारखा अखंड दिसतो. म्हणूनच मोजमापाच्या उपकरणावर, मोटारीच्या मागील अंगावर, जहाजाच्या कवचावर ते इतके शोभते. त्याची उणीवही याच गुणातून जन्मलेली आहे. वाचनाची गती अक्षरांच्या परस्परभेदावर अवलंबून असते, आणि जेथे 'ओ', 'डी', 'क्यू', 'बी' आणि आठाचा आकडा हे सारे एकाच चौकटीतून निघालेले असतात, तेथे दोन परिच्छेद वाचता वाचता डोळा थकतो. हे अक्षर दर्शनी आहे. दिवाणखान्याचे दार आहे, त्याला घराच्या आतल्या खोल्यांत राबवू नये.

भविष्याशी या अक्षराची गाठ पडली ती योजनेने नव्हे, वापराने. साठनंतरच्या दशकात लेट्रासेटचे घासून उमटवावयाचे अक्षरतक्ते आले; पारदर्शक तक्ता कागदावर धरून वरून घासले की अक्षर उमटे, खिळे नकोत, छापखाना नको. या तक्त्यांत मायक्रोग्रामा आणि युरोस्टाइलही होते. चित्रपटांच्या कलाविभागांना, जेथे खोट्या यंत्रांवर खऱ्यासारखे फलक एका रात्रीत लावावयाचे असतात, हे वरदानच ठरले. स्टॅन्ली क्युब्रिकच्या १९६८ सालच्या '२००१: अ स्पेस ओडिसी' या चित्रपटात यानातील उपकरणांवर आणि पडद्यांवर युरोस्टाइलची ठळक रुंद प्रत दिसली, आणि त्या चित्रपटाने भविष्याचे जे चित्र लोकांच्या मनात पक्के केले त्यात हे अक्षरही पक्के झाले. १९७५ मध्ये 'स्टार ट्रेक' मालिकेच्या चाहत्यांसाठी फ्रान्झ जोसेफ याने यानांच्या आराखड्यांचे जे तांत्रिक हस्तपुस्तक काढले त्यातही मायक्रोग्रामाच होते. त्यानंतर विज्ञानपटाच्या कलादिग्दर्शकाला निराळा विचार करण्याचे कारणच उरले नाही. प्रेक्षक फलक वाचण्याआधीच काळ ओळखू लागला. पन्नासच्या दशकातील तुरिनचा वर्तमानकाळ असा बाविसाव्या शतकाचा गणवेश झाला.

खऱ्या अंतराळात मात्र निराळेच अक्षर गेले. १९६९ साली अपोलो ११ ने चंद्रावर ठेवलेल्या धातूच्या पट्टीवरील मजकूर पाउल रेनरच्या १९२७ सालच्या 'फुतुरा' या अक्षरात आहे, ज्याचा 'ओ' जवळजवळ पूर्ण वर्तुळ भासतो. अमेरिकेच्या अंतराळसंस्थेने १९७५ मध्ये रिचर्ड डॅन आणि ब्रूस ब्लॅकबर्न यांच्याकडून घेतलेली नाममुद्रा तर एकाच जाडीच्या, सलग वळणाऱ्या लाल रेघेची होती. तिच्यातील दोन्ही 'ए' अक्षरांना आडवी दांडी नाही, आणि दांडी नसूनही ती बिनतक्रार वाचली जातात. १९९२ मध्ये संस्थेने ती नाममुद्रा रद्द केली आणि २०२० मध्ये तिला पुन्हा सेवेत घेतले. अठ्ठावीस वर्षे दप्तराबाहेर राहूनही ती जुनी वाटली नाही, याचे कारण तिच्या रेघेच्या वळणात हाताची मोजदाद आहे.

येथे एका सोयऱ्याचा उल्लेख करणे भाग आहे, कारण तो आपल्यापैकी बहुतेकांच्या घरात आहे. बँकेच्या चेकच्या तळाशी, पांढऱ्या पट्टीत, ओबडधोबड फुगलेल्या आकड्यांची एक ओळ असते. कोठे रेघ अकारण जाड, कोठे एकदम बारीक, असे ते आकडे दिसतात. त्यांतील नऊ आकड्यांचा एक गट शहर, बँक आणि शाखा यांची तीन-तीन आकड्यांत नोंद सांगतो. मुंबईचा आरंभ ४०० ने, पुण्याचा ४११ ने. हे 'ई-१३बी' नावाचे वळण १९५० नंतरच्या दशकात अमेरिकेत बँकांच्या कामासाठी तयार झाले. त्यात दहा आकडे आणि चार खुणा, एवढाच परिवार. शाई चुंबकीय असते. यंत्राच्या वाचकाग्राखालून आकडा सरकू लागला की त्याच्या उभ्या रेघांच्या जाडीप्रमाणे विद्युत्-लहर चढते-उतरते, आणि प्रत्येक आकड्याची लहर निराळी यावी म्हणूनच ती जाडी अशी जागोजागी वाढविलेली आहे. म्हणजे तेथील प्रत्येक विचित्र फुगवट्याला कारण आहे. ते पाहून लिओ मॅग्स या इंग्रज आरेखकाने त्याच धर्तीवर संपूर्ण रोमन वर्णमाला काढली, ती 'वेस्टमिन्स्टर' या नावाने प्रसिद्ध झाली, आणि गणकयंत्र म्हटले की ते अक्षर वापरण्याची एक साथच आली. परंतु कोणतेही यंत्र ती अक्षरे वाचीत नव्हते. कारण गेले होते, पोशाख उरला होता, आणि मला वाटते म्हणूनच ते वळण दहा-पंधरा वर्षांत शिळे दिसू लागले. नेदरलँड्सच्या विम क्राउवेलने १९६७ मध्ये याच्या उलट प्रयोग केला. त्या काळच्या विद्युत्-पडद्यावरील अक्षरजुळणीच्या यंत्राला वक्र रेघ नीट काढता येत नव्हती, तर त्याने वक्र रेघच वर्ज्य करून केवळ आडव्या-उभ्या रेघांची 'नवी वर्णमाला' मांडली. ती बहुतेकांना वाचता आली नाही. तथापि यंत्राची अडचण त्याने खोट्या गोलाईखाली झाकली नाही, ही त्याची सचोटी मोठी होती.

मायक्रोग्रामाची गोष्ट या दोहोंच्या मधली. तेथे यंत्राची सक्तीही नव्हती आणि यंत्राचे सोंगही नव्हते. नोवारेसे १९७५ साली नेबिओलोतून बाहेर पडला, काही वर्षांतच तेथील ओतकाम बंद झाले, आणि अक्षर धातूतून फिल्मवर, फिल्मवरून संगणकावर आले. या स्थलांतरात जे व्हावयाचे तेच झाले: संगणकीय प्रतींत बाजू सरळ झाल्या, कोपऱ्यांत चाप बसले, फुगवटा सपाट झाला. नाव तेच, चौकट तीच, आणि तरीही जुन्या धातूच्या छाप्याशेजारी ठेवले तर नवे अक्षर ताठरलेले दिसे. अखेर २००८ साली लिनोटाइप कंपनीसाठी अकिरा कोबायाशी या जपानी आरेखकाने 'युरोस्टाइल नेक्स्ट' करताना मूळ धातूच्या खिळ्यांचे छापे समोर ठेवले आणि हरवलेला बाक परत आणला. एका अक्षराच्या बाजूला केसभर वळण परत मिळावे म्हणून जपानी माणसाने जर्मन कंपनीत बसून इटालियन खिळे तपासावेत, या गोष्टीचा मला मनापासून आनंद वाटतो. आज 'ऑर्बिट्रॉन', 'मिक्रोमा' यांसारखी, फुकट उपलब्ध असलेली याच कुळातील अक्षरे कोणाही विद्यार्थ्याला आपल्या संगणकावर उतरवून घेता येतात. ऑर्बिट्रॉनच्या कोपऱ्यांची काटछाट अधिक यांत्रिक, मिक्रोमा मूळ घराण्याच्या अधिक जवळचे.

आता आपल्या लिपीकडे वळू. देवनागरीचे वळण बोरूने घडले. तिरप्या कापलेल्या टोकामुळे रेघ एका दिशेस जाड आणि दुसऱ्या दिशेस बारीक होत जाते, आणि ते जाड-बारीक हेच तिचे लावण्य. निर्णयसागरच्या सुबक खिळ्यांतही बोरूची ती स्मृती जपलेली होती. मराठीत दर्शनी अक्षराची परंपरा तर खिळ्यापेक्षा हाताचीच अधिक. कमल शेडगे यांनी मराठी नाटकांच्या जाहिरातींसाठी रेखाटलेली शीर्षके ज्यांनी वृत्तपत्रांच्या स्तंभांत पाहिली आहेत त्यांना ठाऊक आहे की प्रत्येक नाटकाला आपले स्वतःचे अक्षर असे, ते त्या नाटकाच्या प्रकृतीतून निघे, आणि दुसऱ्या नाटकाला ते देता येत नसे. अशा मुलखात एकाच जाडीच्या रेघेचे, चौकटीत बसविलेले, कोणालाही कशासाठीही वापरता येईल असे अक्षर आणावयाचे म्हणजे मोठ्या धाडसाचे काम.

ते धाडस झालेले आहे. अहमदाबादच्या इंडियन टाइप फाउंड्रीने २०१४ मध्ये देवनागरी आणि रोमन अशा दोन्ही लिप्या एकत्र सांभाळणारी 'राजधानी' आणि 'तेको' ही दोन चौकोनी बांध्याची अक्षरे सर्वांना विनामूल्य खुली केली. दोहोंच्या पाच-पाच प्रती, बारीकपासून ठळकपर्यंत. राजधानीतील रेघांची टोके सपाट कापलेली, पण त्या कापाचे कोपरे अंमळ गोलसर केलेले आहेत. त्यामुळे अक्षराचा यांत्रिकपणा डोळ्याला बोचत नाही. क्रिकेट-चषकाच्या, व्यायामशाळेच्या, मोबाइलच्या दुकानाच्या फलकांवर आज जी चौकोनी देवनागरी दिसते, ती याच जातीची.

देवनागरीचा 'ठ' हा या बाबतीत कसोटीचा दगड. शिरोरेषेखाली एक आखूड देठ आणि त्याला लटकलेला पूर्ण गोल, एवढीच त्याची घडण. म्हणजे मायक्रोग्रामाचा 'ओ' जणू आपल्याकडे शिरोरेषेला टांगलेला. लोकलच्या फलाटावर उभे राहून इंडिकेटरवर 'ठाणे' हा शब्द पाहावा. दिव्यांच्या ठिपक्यांच्या जाळीत गोल काढता येत नाही, म्हणून तो पायऱ्यापायऱ्यांनी वळतो. आडव्या ओळी, उभ्या ओळी आणि कोपऱ्यांत एकेक ठिपका गाळलेला. तो सुंदर नाही, पण तो प्रामाणिक आहे, गर्दीत धावणाऱ्या माणसाला क्षणात कळतो, आणि त्याच्या चौकोनीपणाला चेकवरच्या आकड्यांइतकेच सबळ कारण आहे. याउलट छापील फलकावर, जेथे ठिपक्यांची कोणतीच सक्ती नाही, तेथे सरळ रेघा आणि कंपासाचे चाप सांधून केलेला 'ठ' पाहिला की त्याचा मध्य खचलेला दिसतो, आणि वर सपाट शिरोरेषा असल्यामुळे तो दोष रोमन अक्षरापेक्षा दुप्पट उठून दिसतो. कारण पूर्णतः सरळ अशी एक रेघ तुलनेसाठी डोळ्यासमोर कायम ताणलेली असते. म्हणून देवनागरीत फुगवटा रोमनपेक्षा अधिक लागतो, कमी नव्हे.

दुसरी अडचण भेदाची. 'घ' आणि 'ध', 'म' आणि 'भ', 'थ' आणि 'य' या जोड्यांमध्ये फरक असतो तो एखाद्या लहानशा गाठीचा आणि शिरोरेषेतील खंडाचा. बोरूच्या अक्षरात ती गाठ ऐटीत वळसा घेते. ठळक चौकोनी अक्षरात तिला जागाच उरत नाही, तेव्हा घडविणारा ती आखडून आखडून एका कोनात आणतो, आणि मग दुरून 'धन' की 'घन' हे संदर्भावरून ठरवावे लागते. येथे नियमाने चालणाऱ्यापेक्षा नियम मोडणारा हात मोठा. गाठीपुरती रेघ थोडी बारीक करावी, शिरोरेषेतला खंड थोडा अधिक उघडावा, भूमितीने आक्षेप घेतला तरी ऐकू नये.

तिसरी अडचण मात्रांची, आणि तिच्याकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते. रोमन मोठ्या अक्षरांच्या ओळीला वर-खाली काही नसते, म्हणून मायक्रोग्रामाचा शब्द पट्टीसारखा अखंड बसतो. आपल्या शब्दाला वर वेलांटी, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, ऋकार, जोडाक्षराचा दुसरा मजला असतो. परदेशी नमुना समोर ठेवून शिरोरेषेखालचा भाग भव्य आणि ठळक केला की वरच्या मात्रा चिमुकल्या होऊन तिथे चिकटतात; आणि फलक करणाऱ्याने दोन ओळी जवळ आणल्या की वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या रफारांत घुसतात. नमुना दाखविताना मात्र 'कमल', 'नगर', 'भारत' असे सुटसुटीत शब्द निवडले जातात, आणि अक्षर फार देखणे दिसते. माझी सूचना एवढीच आहे की असे अक्षर घडविणाऱ्याने पहिल्या दिवशी 'ठ' काढावा, त्याच्या बाजू पट्टी लावून तपासाव्यात, आणि मग लगेच 'पूर्वीं', 'शृंखला', 'निष्ठुर', 'कर्तृत्व', 'सिंधुदुर्ग' हे शब्द त्याच ठळक प्रतीत, दोन ओळींत, एकाखाली एक लावून भिंतीवर टांगावेत, आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन ते एखाद्या शाळकरी मुलाकडून वाचून घ्यावेत.